दुपारी बंद पडणारा एसी: भुसावळमधल्या एका घराचं प्रकरण

मागच्या मे महिन्यात भुसावळचा पारा ४४च्या खाली यायला तयार नव्हता. त्या दिवसांत रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या एका काकांचा फोन आला. दीड टनाचा स्प्लिट एसी, २०१७ साली घेतलेला, साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला. रात्री उशिरा आणि पहाटे व्यवस्थित चालायचा. दुपारी एकनंतर आणि रात्री आठ ते अकराच्या दरम्यान मात्र आउटडोअर युनिट ‘घूंऽऽ’ करायचं, चार-पाच सेकंदांनी ‘टक’ व्हायचं आणि गप्प. आतला पंखा फिरत राहायचा, पण हवा गरम. थोड्या वेळाने पुन्हा घूं, पुन्हा टक. काकूंचं महिन्यापूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं होतं. खोली थंड राहणं ही त्या घरात गरज होती.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की माझ्याआधी तिथे तीन जण येऊन गेले होते. काकांचे ७,३५० रुपये खर्च झाले होते आणि ज्या ज्या गोष्टीवर पैसे गेले, त्यातली एकही खराब नव्हती. उलट या इलाजांनीच दुखणं वाढवलं होतं. आपल्या धंद्यात नवीन येणाऱ्या पोरांनी आणि घरोघरी एसी वापरणाऱ्यांनी दोघांनीही हे समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या मिस्तरीने कॅपॅसिटर बदलला होता. कॉम्प्रेसर घुमतो पण फिरत नाही, तर पहिला संशय कॅपॅसिटरवर जातो आणि तो चुकीचा नाही. सिंगल फेजच्या मोटरला स्वतःहून फिरायला सुरुवात करता येत नाही, तिच्या दुसऱ्या वाइंडिंगला कॅपॅसिटरमधून वेगळ्या वेळेला करंट द्यावा लागतो, तेव्हा ती गिरकी घेते. उन्हाळ्यात कॅपॅसिटर फुगतात, त्यांची क्षमता उतरते. पण उतरली आहे की नाही हे मीटरवर दोन मिनिटांत मोजता येतं आणि ते त्या दिवशी मोजलं गेलं नाही. दुसऱ्याने ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरला. एसीतला गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. ती बंद यंत्रणा आहे. गॅस कमी असेल तर गळती आहे, आणि गळती शोधल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. इथे तर गळतीही नव्हती. शिवाय गॅस कमी असता तर एसी रात्रीही थंड करू शकला नसता. तिसऱ्याने प्लगमध्ये मल्टिमीटर घातला, २२६ व्होल्ट आले, तरीही ‘व्होल्टेज वरखाली होत असणार’ म्हणून चार केव्हीएचा स्टॅबिलायझर बसवून दिला.

या तिघांनी एसीकडे पाहिलं. एसीपर्यंत वीज ज्या वाटेने येते, त्या वाटेकडे कोणी पाहिलं नाही.

मीही सुरुवातीला गच्चीवरच गेलो, हे मान्य करतो. आउटडोअरचं झाकण उघडलं, कॉम्प्रेसरच्या तीन टर्मिनलांमधला रेझिस्टन्स मोजला. कॉमन ते रन, कॉमन ते स्टार्ट, आणि या दोन्हींची बेरीज रन ते स्टार्टला बरोबर जुळत होती. बॉडीला लीकेज नव्हतं. म्हणजे वाइंडिंग धडधाकट. त्या उन्हात अर्धा-पाऊण तास गेला आणि कॉम्प्रेसर ठीक आहे एवढंच कळलं.

खाली आलो तेव्हा काकांनी एक वही पुढे केली.

काकांची वही

आयुष्यभर गाडीच्या प्रत्येक थांब्याची वेळ लिहून ठेवणाऱ्या माणसाने एसीचीही तशीच नोंद ठेवली होती. डावीकडे तारीख, मग वेळ, मग ‘सुरू’ किंवा ‘टक’, आणि शेवटी शेरा. तीन आठवड्यांची पानं होती. एवढी चांगली माहिती मला एखाद्या महागड्या यंत्रानेही दिली नसती.

वहीतून पहिली गोष्ट दिसली ती दोन प्रयत्नांमधलं अंतर. स्टॅबिलायझर बसवण्याआधी हे अंतर रात्री सहा-सात मिनिटं आणि दुपारी तीनच्या सुमाराला बारा-पंधरा मिनिटं असायचं. हे लक्षण कॉम्प्रेसरच्या ओव्हरलोडचं, म्हणजे त्याला जळण्यापासून वाचवणाऱ्या स्विचचं. त्यात एक द्विधातूची चकती असते, करंट आणि उष्णता दोन्हींनी ती वाकते आणि सर्किट तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते. दुपारी कॉम्प्रेसरचा डबाच तापलेला, म्हणून तिला थंड व्हायला जास्त वेळ. स्टॅबिलायझर बसल्याच्या दिवसापासून मात्र अंतर एकसारखं झालं होतं: १४.१०, १४.१३, १४.१६, १४.१९. तीन मिनिटांचा उशीर हा स्टॅबिलायझरच्या आतल्या टायमरचा असतो. म्हणजे आता ओव्हरलोड तुटायच्या आधीच स्टॅबिलायझर ‘व्होल्टेज फार खाली गेलं’ म्हणून पुरवठा तोडत होता. त्याच्यावर कामाची मर्यादा १७० व्होल्टपासून छापलेली होती. याचा अर्थ सरळ होता. कॉम्प्रेसर सुरू होताना सॉकेटवर क्षणभर १७०च्याही खाली व्होल्टेज येत होतं, आणि पुढच्याच क्षणी ते २२६वर परत जात होतं.

दुसरी गोष्ट शेऱ्यात होती. ‘टक होताना देवघरातला दिवा बारीक.’ ही नोंद चार वेळा आली होती. देवघरात जुना झिरोचा पिवळा बल्ब होता, तारेचा. बाकी घरात एलईडी. एलईडीच्या आत स्वतःचं सर्किट असतं, व्होल्टेज बरंच खाली गेलं तरी ते प्रकाश सावरून धरतात, त्यामुळे हॉलमध्ये बसलेल्या कोणाला काही दिसत नसे. तारेचा बल्ब मात्र खोटं बोलत नाही.

मी काकांना विचारलं, ‘एसीची लाइन वेगळी ओढली आहे ना?’

‘हो. बसवला तेव्हाच थेट बोर्डापासून नवीन वायर टाकून घेतली. अडीचची, तांब्याची. एमसीबी पण वेगळा, वीसचा.’

‘आणि देवघराचा दिवा?’

‘तो जुन्या लायनीवर.’

इथे प्रकरणाची गाठ सापडली. एसीची वायर आणि देवघराची वायर एकमेकींना फक्त बोर्डावर भेटतात. एसीच्या स्वतःच्या वायरमध्ये, सॉकेटमध्ये किंवा एमसीबीत (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) दोष असता तर एसी अडला असता, पण देवघरातला दिवा बारीक व्हायचं काही कारण नव्हतं. दोन्ही एकदम हलतात म्हणजे दोष दोघांच्या सामायिक वाटेवर: बोर्ड, मेन स्विच, मीटर, खांबावरून येणारी सर्व्हिस वायर किंवा रोहित्र. शेजारच्या वहिनींना हाक मारून विचारलं, त्यांच्याकडे त्याच वेळी दिवे हलतात का? त्यांचा फ्रिज, कूलर, दिवे सगळं स्थिर. मग रोहित्र आणि खांबापर्यंतची लाइन बाजूला पडली. उरली खांबापासून बोर्डापर्यंतची दहा-बारा मीटरची वाट.

तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही बोर्ड म्हणताय तो जिन्याखाली आहे. तिथे उंदीर मेलाय बहुतेक. दोन वेळा सगळी अडगळ झाडून काढली, वास जात नाही. दुपारी जास्त येतो.’

मी जिन्याखाली वाकलो. वास कुजकट होता, थोडा मासळीसारखा. बोर्डातलं जुनं प्लास्टिक आणि बेकेलाइट तापत राहिलं की असाच वास येतो. ज्याने एकदा घेतलाय त्याला तो पुन्हा ओळखू येतो. ज्या घरात मासळी शिजत नाही, तिथे असा वास आला तर आधी मेन बंद करावा आणि मग उंदीर शोधावा.

लोड चालू ठेवून मोजणं

आता मोजमापाकडे येतो, कारण या सगळ्या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे.

आधीच्या माणसाने सॉकेटवर २२६ व्होल्ट मोजले, ते खरेच होते. पण तेव्हा एसी बंद होता. आमच्याकडे केळीच्या बागेत ठिबकचा फिल्टर चोंदलेला असला तरी व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत पलीकडचा गेज पूर्ण दाब दाखवतो. व्हॉल्व्ह उघडला की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. विजेचंही तसंच आहे. करंट वाहत नसेल तर खराब जोडावरही व्होल्टेज पडत नाही, मीटर छान आकडा दाखवतो. करंट वाहू लागला की तो जोड आपला वाटा कापून घेतो. म्हणून एसीच्या तक्रारीत बंद एसीवर मोजलेल्या व्होल्टेजला मी काहीच किंमत देत नाही.

स्टॅबिलायझर काढून एसी थेट लावला. सॉकेटवर मीटर, फेजच्या (वीज आणणाऱ्या) वायरला करंट मोजणारा क्लॅम्प, आणि माझा मदतनीस जिन्याखाली मेन स्विचवर दुसरा मीटर धरून. दुपारचे सव्वादोन वाजले होते. रिमोट दाबला. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करताना करंट ३३ अँपिअरपर्यंत उसळला. सॉकेटवर १७२ व्होल्ट. त्याच क्षणी मेन स्विचच्या येणाऱ्या बाजूला, वायरच्या उघड्या टोकांवर, २१३. घराच्या दारापर्यंत २१३ आणि खोलीत १७२. ४१ व्होल्ट घरातल्या घरात गडप.

मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३०वर जो जोर शंभर धरला, तो १७२वर ५६ उरतो. रात्री बाहेरची हवा निवलेली, आतला दाब कमी, तेव्हा ५६त कसंबसं भागायचं. पहाटे मूळ पुरवठाही चढा असायचा. दुपारी गच्चीवरच्या युनिटमधला दाब चढलेला, त्याला ५६ पुरत नव्हते. संध्याकाळी आठनंतर सगळ्या कॉलनीतले कूलर आणि एसी सुरू झाले की मूळ पुरवठाच १२-१५ व्होल्टांनी उतरायचा, मग पुन्हा तेच. काकांच्या वहीतल्या वेळांचा उलगडा एवढाच होता.

आता हे ४१ व्होल्ट कुठे गेले? वायरमध्ये नाही. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. बोर्डापासून एसीपर्यंत १६ मीटर, जाऊन-येऊन ३२, म्हणजे पाव ओहमही नाही. ३३ अँपिअरला त्यात आठ व्होल्ट जातात, चालू एसीच्या आठ अँपिअरला जेमतेम दोन. बाकीचे तीस-पस्तीस व्होल्ट एखाद्या जोडात जळत होते.

चौथ्या प्रयत्नात कॉम्प्रेसर उठला आणि चालू राहिला, त्यामुळे शांतपणे मोजता आलं. सॉकेटमध्ये न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थिंगमध्ये ११ व्होल्ट. एसी बंद असताना तिथे एक व्होल्ट होता. या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, कारण घराचं अर्थिंगच खराब असेल तर तो काहीही दाखवतो. पण बोट कुठे रोखायचं ते त्याने सांगितलं: न्यूट्रलच्या बाजूला. मग जिन्याखाली गेलो आणि मेन स्विचच्या न्यूट्रलवर, मीटरची एक सुई येणाऱ्या वायरच्या उघड्या टोकावर आणि दुसरी लगेच शेजारच्या पितळी पट्टीवर ठेवली. दोन्हींमध्ये अर्ध्या इंचाचं अंतर. चांगल्या जोडावर इथे जवळजवळ शून्य यायला हवं.

आले ९.२ व्होल्ट.

एकूण करंट ८.३ अँपिअर. गुणाकार केला की ७६ वॅट होतात. एक सीलिंग फॅन जेवढी वीज खातो, तेवढी उष्णता त्या एका स्क्रूखाली सतत तयार होत होती. आणि कॉम्प्रेसर उठताना, दोन-तीन सेकंद का होईना, हजार वॅटच्याही वर. तापमान बघायची बंदूक वायरच्या प्लास्टिकवर रोखली, ९६ अंश. (ही बंदूक चकचकीत पितळेवर धरली की आकडा बराच कमी दाखवते, त्यामुळे नेहमी शेजारच्या प्लास्टिकवर धरावी.) साध्या पीव्हीसी वायरला ७० अंशांची मर्यादा असते. काळं कव्हर तपकिरी, कडक झालं होतं. पुढे ते काढलं तेव्हा शेंगेच्या टरफलासारखं बोटांत मोडलं.

तो स्क्रू असा का झाला

घर १९९४चं. तेव्हाचा लोखंडी डबीतला, बाजूला हँडल असलेला मेन स्विच, आत चिनी मातीचे फ्यूज. मीटरपासून त्याच्यापर्यंत आलेली वायर ॲल्युमिनियमची. त्या काळी सगळीकडे तेच वापरायचे आणि त्यात गैर काही नव्हतं. घरात चार पंखे, चार ट्यूब, एक टीव्ही, एक फ्रिज. दोन-तीन अँपिअरचा संसार. तो जोड त्या संसाराला तेवीस वर्षं पुरला.

२०१७ साली एसी आला. बसवणाऱ्याने बोर्डापासून पुढचं काम नीट केलं होतं, तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, चांगलं सॉकेट. बोर्डाच्या मागे मात्र तो गेला नाही. आणि ॲल्युमिनियमच्या तीन सवयी आहेत. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. स्क्रूखाली दाबून ठेवलं की ते वर्षानुवर्षं हळूहळू पसरतं, दाबातून सुटत जातं. आणि तापल्यावर ते तांब्या-पितळेपेक्षा जास्त फुगतं, निवल्यावर आक्रसतं. दिवसातून आठ-दहा वेळा एसी सुरू-बंद, दर वेळी फुगणं-आक्रसणं, दर उन्हाळ्यात स्क्रू थोडा अधिक ढिला. ढिला झाला की जास्त तापतो, तापला की आणखी ढिला होतो. पाच-सहा वर्षं हे कोणाला न दिसता चाललं होतं.

स्टॅबिलायझरने यात भर कशी घातली तेही सांगतो, कारण भुसावळ-जळगावकडे ‘दिवे हलतात, स्टॅबिलायझर लाव’ हा सल्ला सर्रास दिला जातो. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. आत २०० व्होल्ट येत असतील आणि बाहेर सव्वादोनशे द्यायचे असतील, तर तो मागून जास्त करंट ओढतो. आठच्या जागी नऊ. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे आठाचे नऊ झाले की उष्णता सव्वापट. ढिल्या स्क्रूच्या पुढे स्टॅबिलायझर लावणं म्हणजे त्या स्क्रूला जास्त जोरात भाजणं. पुरवठाच खरोखर कमी असेल तिथे स्टॅबिलायझर उपयोगाचा आहे, मी स्वतः बसवतो. पण आधी ठरवायला हवं की व्होल्टेज खांबावर कमी आहे की आपल्या जिन्याखाली.

काकांनी विचारलेला प्रश्न फार रास्त होता: ‘एवढं तापत होतं, मग एमसीबी का नाही पडला?’ एमसीबी करंट मोजतो, जोडाचं तापमान त्याला कळत नाही. वीसच्या एमसीबीतून आठ अँपिअर जाताहेत, त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. ढिल्या जोडामुळे करंट काही एमसीबी पडण्याइतका वाढत नाही. सुरू होतानाचे ३३ अँपिअर दोन-चार सेकंद त्याला चालतात, ते चालावेत अशीच त्याची रचना असते, नाहीतर कुठलीच मोटर सुरू होणार नाही. आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा स्विच) असता तरी तो पडला नसता, कारण तो फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सारखा आहे का एवढंच पाहतो, आणि तो सारखाच होता. घरात आग लावू शकणारा दोष आणि त्याला पकडणारं एकही उपकरण नाही. पकडलं ते काकूंच्या नाकाने, काकांच्या वहीने आणि देवघरातल्या बल्बने.

हा स्क्रू पुरता सुटला असता तर काय झालं असतं, हेही त्यांना सांगणं माझं काम होतं. न्यूट्रल तुटला की घर अंधारात जातं, पण वायर मेलेली नसते. कोणताही एक दिवा चालू राहिला असेल तर त्याच्यातून फेज पलीकडे न्यूट्रलवर येतो. टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. माणूस ‘लाइट गेली’ समजून हात घालतो. असं दिसलं की कशालाही न शिवता मेन पाडायचा, आणि वायरमन येईपर्यंत मेन पडलेलाच ठेवायचा.

दुरुस्ती

त्या दिवशी मी एसी बंद ठेवायला सांगितला आणि कूलर खोलीत ओढून दिला. मीटरचं सील तोडायचा अधिकार आम्हाला नाही, आणि ॲल्युमिनियमच्या वायरचं दुसरं टोक मीटरच्या सीलबंद झाकणाखाली होतं. नुसता स्क्रू कसून देता आला असता, काही मिस्तरी तेच करतात आणि एसी महिनाभर चालतोही. पण भाजलेल्या, पसरलेल्या ॲल्युमिनियमला पुन्हा कसलं की ते पुन्हा पसरतं. मला ते करायचं नव्हतं. काकांनी वीज कार्यालयात अर्ज दिला, त्याबरोबरच मंजूर भार वाढवण्याचाही, कारण बिलावर अजून एक किलोवॅट होता आणि एकटा एसीच दीडच्या वर जातो. तिसऱ्या दिवशी वायरमन आले, खांबावरून पुरवठा तोडला, सील उघडलं.

मीटरपासून बोर्डापर्यंत सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली. लोखंडी मेन स्विच काढून ४० अँपिअरचा दोन पोलचा आयसोलेटर बसवला, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. टोकांना कथिलाचा मुलामा असलेले तांब्याचे लग (वायरच्या टोकावर बसणाऱ्या टोप्या) लावून दाबयंत्राने दाबले. सुटे धागे स्क्रूखाली कोंबले नाहीत, आणि ‘मावत नाही’ म्हणून त्यातले काही कापलेही नाहीत. हे कापणं मी इतक्या घरांत पाहिलंय की त्याचा राग येतो. सहाच्या वायरचे अर्धे धागे कापले की त्या जागी ती तीनची वायर होते. फेजची बाजूही तपासली, तिथला जोड बरा होता, तरी तोही नवीनच केला.

पुरवठा आला. एसी लावला, भर दुपारी, बाहेर ४३ अंश. पहिल्याच झटक्यात कॉम्प्रेसर उठला. उठताना सॉकेटवर २०३ व्होल्ट, चालू झाल्यावर २१९. नवीन जोडावर ०.०४ व्होल्ट. देवघरातला बल्ब किंचित हलला आणि स्थिर झाला, तेवढं चालतं.

एवढ्यावर निघालो असतो तर एक गोष्ट राहिली असती. कॉम्प्रेसर उठत होता, पण मला त्याचा आवाज आवडला नाही, एक क्षण ओढल्यासारखा वाटला. काकांना विचारलं, जुना कॅपॅसिटर टाकून दिला का? त्यांनी कपाटातून आणून दिला, चिठ्ठीवर काढल्याची तारीख लिहिलेली. तो ४५ मायक्रोफॅरडचा होता, मोजला तर ४३.९. पाच टक्के सूट धरली तर उत्तम स्थितीत. आणि युनिटमध्ये नवीन बसवलेला? ३६चा. बहुधा गाडीत तेवढाच होता. ३६वर मोटर सुरू होते, पण जोर कमी, आणि दर वेळी वाइंडिंग जास्त तापतं. म्हणजे चांगला काढून हलका बसवला होता. मेन बंद केला, कॅपॅसिटरमधला साठलेला चार्ज रेझिस्टर लावून उतरवला (वीज बंद केल्यावरही तो झटका देऊ शकतो, म्हणून घरच्यांनी आउटडोअरचं झाकण कधीच उघडू नये) आणि काकांचा जुना ४५चा परत बसवला. जादा भरलेला गॅस काढून, व्हॅक्यूम करून, युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका तोलून भरला. चालू करंट ८ वरून ७.७ वर आला. पट्टीवर ७.४ लिहिलं होतं, पण तो आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा असतो, भुसावळच्या मेमध्ये थोडा वर जाणारच.

स्टॅबिलायझर काकांनी परत लावायचा का विचारलं. मी आठ दिवस थांबायला सांगितलं आणि वहीत एक रकाना वाढवून दिला: रात्री नऊला सॉकेटवर एसी चालू असताना किती व्होल्ट. एक साधा प्लगमध्ये बसणारा व्होल्टमीटर त्यांना आणून दिला. आठ दिवसांत सगळ्यात खाली आकडा आला २०६. एसी त्यावर आरामात चालत होता. स्टॅबिलायझर खोक्यात गेला.

घराचं अर्थिंग मात्र अजून बाकी आहे. जुनी प्लेट परसात कुठेतरी गाडलेली आहे, जागा कोणाला नक्की आठवत नाही, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडल्यावर तिचा काही भरवसा धरता येत नाही. पावसाळा लागायच्या आत नवीन पाइप अर्थिंग करून मग आरसीसीबी बसवायचं ठरलंय. शेजारच्या वहिनींचं घरही त्याच वर्षीचं, त्याच ठेकेदाराचं. त्यांच्याकडे अजून कूलरच आहे, पुढच्या उन्हाळ्यात एसी घ्यायचा विचार आहे. मी त्यांचाही मेन स्विच उघडून पाहिला. तशीच ॲल्युमिनियमची वायर, न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरला. त्यांचाही अर्ज वीज कार्यालयात दिला आहे.